पुढच्या गाडीची मागची चाकं

सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीची मागची दोन्ही चाकं रस्त्याला जिथे टेकतात ती जागा दिसली पाहिजे, आणि तिच्या अलीकडे थोडं डांबरही दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही जास्त पुढे आलात. हे मी एकतीस वर्षं सांगत आलोय. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, तिच्या छपरावर पाटी, पुढेमागे लाल 'एल' अक्षर, आणि डाव्या बाजूला, मी बसतो तिथे, जादाचा ब्रेक आणि क्लच. शिकायला येणारा भित्रा असो की अतिशहाणा, पहिल्या दिवशी मी त्याला गाडी थांबवायला शिकवतो. गाडी पळवणं कुणालाही जमतं, थांबवणं जमत नाही असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी न विचारताही ऐकवतो.

कारणं साधी आहेत. मागून कुणी धडकलं तर तुम्ही पुढच्यावर जाऊन आपटत नाही. पुढची गाडी चढावर मागे घसरली तर तुम्ही वाचता. आणि पुढचा बंद पडला, रस्ता तुंबला, तर चाक वळवून तुम्हाला बाहेर पडता येतं. शिकणारे मान डोलावतात, लायसन्स हातात पडलं की विसरतात. पुढे कधी रस्त्यात दिसतात ते पुढच्याच्या बुडाला चिकटलेले, आणि मला बघून ओशाळं हसतात. माझं नावच 'अंतरवाले सर' पडलंय. तोंडावर म्हणतात, मला चालतं.

बायकोने मात्र या नियमाची जन्मभर टर उडवली. आम्ही कुठे निघालो आणि मी माझ्या पद्धतीने थांबलो, की त्या मोकळ्या जागेत कुणी ना कुणी शिरायचंच. मग ही खिडकीतून हात बाहेर काढून त्या गाडीचं स्वागत करायची. "या, या. बसा. आमच्यात जागाच जागा आहे." दुसरी गाडी शिरली की, "अहो, एक खोली बांधा तिथे. भाडेकरू आयते येतायत." मी चिडायचो. मी चिडलो की ती आणखी फुलायची. तिचं तोंड चोवीस तास चालू असे, झोपेतसुद्धा ती भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. एकदा मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. चौथ्या दिवशी आमचं इतकं वाजलं की ती भर रस्त्यात उतरून तरातरा घरी चालत गेली, आणि मी तिच्या मागून पहिल्या गिअरमध्ये. पण एकतीस वर्षं तोच पाढा कानावर पडल्यावर माणूस न शिकताही शिकतो.

त्या मंगळवारी साडेदहाला तिचा फोन आला. मी एका बाईंना चढावर गाडी उचलायला शिकवत होतो. "येताना गाळणं आणा," ती म्हणाली. "चहाचं. मागच्या वेळी चाळण आणली होतीत तसं करू नका. नाहीतर मला फोटो पाठवा, मी सांगते." मी म्हटलं, ठेव आता, चढ आहे. तिने ठेवला.

एकला तास संपला, सव्वाला मी घरी पोचलो. गाळणं घेऊन. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठ कपाटाला, पाय पुढे पसरलेले. गॅस चालू, पातेल्यातलं पाणी आटून गेलेलं. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती आणि उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ती माझ्याशी काहीतरी बोलत होती, पण तोंडात घास धरून बोलल्यासारखं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. हाक मारल्याबरोबर त्या नातवाला कडेवर घेऊनच वर आल्या. त्यांनी हिला हात उचलायला सांगितला, हसायला सांगितलं, आणि मला विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"साडेदहाला. फोनवर."

"अर्धांगाचा झटका आहे. साडेचार तासांत, म्हणजे तीनच्या आत, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं पाहिजे. त्यानंतर देत नाहीत. आणि त्याआधी डोक्याचा फोटो काढतात, त्यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे अडीचपर्यंत तुम्ही तिथे हवेत."

अँब्युलन्सला फोन केला. सगळ्या गाड्या बाहेर आहेत, चाळीस मिनिटं लागतील, असं उत्तर मिळालं. नर्सबाई म्हणाल्या, "वाट बघू नका, तुमची गाडी काढा." हॉस्पिटल अर्ध्या तासावर. वॉचमन आणि मी दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. नर्सबाईंना नातवाला एकटं सोडून येता येत नव्हतं. मागच्या सीटवर आडवी केली असती तर तिला धरायला कुणी नव्हतं, म्हणून पुढे, माझ्या रोजच्या जागेवर बसवली, पट्टा लावला, आणि पाय त्या जादाच्या ब्रेकवर जाऊ नयेत म्हणून सीट मागे ढकलली. दीड वाजला होता. वेळ होता, पुरेसा होता.

पहिल्या सिग्नलला मी सवयीने थांबलो, चाकं दिसतील असा. एक टॅक्सी सुळकन पुढे शिरली. सिग्नल सुटला, टॅक्सीवाला गिऱ्हाईक उतरवायला तिथेच उभा राहिला, आणि आम्ही पुन्हा लालला अडकलो. दुसऱ्या सिग्नलला एक व्हॅन शिरली आणि तिच्या मागून दोन स्कूटर. छपरावर शिकवणीची पाटी असली की लोकांना वाटतं आत कुणी नवशिका आहे, ह्याच्यापुढे घुसायला काही हरकत नाही. एरवी मी हे रोज सोसतो. त्या दिवशी ती शेजारी कण्हत होती, तिच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि ती व्हॅनमधली माणसं खिडकीतून शेंगांची टरफलं टाकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज माझ्यापुढे कुणाला येऊ देणार नाही, असं मी मोठ्याने म्हणालो.

पुलाच्या अलीकडे सगळं थांबलेलं होतं. माझ्यापुढे गाद्या भरलेला टेंपो. मी सरळ त्याच्या मागे जाऊन भिडलो. बोनेट आणि टेंपोची फळी यांत वीतभर जागा राहिली असेल. काचेतून फक्त गाद्या दिसत होत्या, निळ्या पट्ट्यांच्या. उजवीकडून एक स्कूटरवाला आला, त्याने जागा शोधली, जागा नव्हती, तो तसाच उभा राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं.

तेव्हा ती बोलली. मान कलती होती, एक डोळा नीट उघडत नव्हता, पण ती समोर बघत होती. "चा...कं," ती म्हणाली. मग जीव एकवटून पुन्हा, "चाकं... दिस...त नाही."

मला कळलं. घरातून निघाल्यापासून तिच्या तोंडातून आलेलं ते पहिलं कळण्यासारखं वाक्य होतं, आणि मला ते पहिल्या झटक्यात कळलं. आरशात बघितलं असतं तर मागे अजून दोन गाड्यांची मोकळी जागा दिसली असती. रिव्हर्स टाकून पाच फूट मागे यायला मला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "गप्प बस गं. आज नाही."

ती गप्प बसली.

मिनिटाभराने मागे एक डिलिव्हरीची व्हॅन येऊन चिकटली. तिच्या मागे आणखी गाड्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीतरी चालत येताना म्हणाला, पुलावर पाण्याची मोठी लाईन फुटलीय, रस्ता खचलाय, तासभर तरी काही खरं नाही. मी डावीकडे बघितलं.

डावीकडे लाकडाच्या वखारीची गल्ली होती. तिचं तोंड माझ्या पुढच्या डाव्या चाकापासून दोन हातांवर. ही गल्ली मला माझ्या घराच्या बोळकंडीपेक्षा जास्त ओळखीची आहे. तिथे रहदारी नसते, म्हणून रिव्हर्स मी तिथेच शिकवतो. वखारीला वळसा घालून ती हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी निघते. चार मिनिटांचा रस्ता. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी चाक पूर्ण डावीकडे पिळलं आणि गाडी पुढे घेतली. उजवा कोपरा टेंपोच्या फळीला लागला. मागे घेतली, मागच्या व्हॅनला लागली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कमी जागेत गाडी काढण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नाही, पण वीतभर जागेत देवाचीही गाडी वळत नाही. टेंपोवाला खाली उतरला. मी त्याला सांगितलं, बायको आहे, थोडा पुढे घे. भला माणूस होता. त्याने पुढे जाऊन स्वतः बघितलं, त्याच्या पुढच्याला विनवलं, आणि हात हलवत परत आला. तोही पुढच्याला चिकटलेला होता, पुढचा त्याच्या पुढच्याला.

मागच्या व्हॅनमधून जो उतरला तो माझ्याकडेच शिकलेला होता. बेकरीवाला. सात-आठ वर्षांपूर्वी हात लटपटायचे म्हणून मी त्याला दोन महिने जास्त शिकवलं होतं. "सर, तुम्ही?" तो म्हणाला, आणि आत बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने व्हॅन मागे घेतली. हातभर मिळालं. मला पाच फूट हवे होते.

मग मी मागे धावलो. एकेका गाडीची काच ठोकली, हातापाया पडलो. तिसऱ्या गाडीतल्या बाईंना रिव्हर्स जमेना, मी बाहेरून सांगितलं, क्लच हळू सोडा, माझ्याकडे बघा, आरशात बघू नका. चौथा फोनवर होता. त्याचा फोन संपेपर्यंत मी काचेशी उभा राहिलो. एक मागे सरकल्याशिवाय दुसरा सरकत नाही, शेवटच्यापासून सुरुवात करावी लागते. आणि सहाव्या गाडीत कुणी नव्हतं. मालक गाडीला कुलूप लावून पुढे काय झालंय ते बघायला गेला होता. बेकरीवाला आणि मी, दोघांनी ती ढकलून बघितली. ती गिअरमध्ये होती.

बेकरीवाला म्हणाला, "सर, उचलून नेऊ या का? मी धरतो." आम्ही दार उघडलं, तिला उचलायला गेलो, आणि ती भडभडा ओकली. तिचं वजन माझ्यापेक्षा जास्त, गल्लीतून अंतर दीड किलोमीटर, आणि उचलणाऱ्या दोघांतला मी साठीच्या पुढचा, तो दमेकरी. वीस पावलं गेलो. ती आमच्या हातातून निसटायला लागली, तिचं डोकं मागे पडलं, आणि मी घाबरून तिला परत गाडीत आणली. स्कूटरवर ती बसू शकत नव्हती, आणि वखारीच्या गल्लीत रिक्षा फिरकत नाही. लोक जमले. प्रत्येकाकडे सल्ला होता, जागा कुणाकडेच नव्हती.

दोन चाळीसला सहाव्या गाडीचा मालक परत आला, हातात थंड बाटली. त्याला काही बोलायलाही मला वेळ नव्हता. एकामागून एक गाड्या सरकल्या, मी मागे आलो, चाक वळवलं आणि गल्लीत शिरलो. मागच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तीनला बारा मिनिटं कमी होती. फोटो निघेपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली. डॉक्टरीण तरुण होती. तिने फोटो बघितला, घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्धा तास आधी आला असतात तर देता आलं असतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने पुस्ती जोडली, की इंजेक्शनने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, तिघांत एखाद्याला येतो. ही पुस्ती मी पुढे बरेच दिवस उशाशी घेऊन झोपलो. तिने झोप आली नाही.

संध्याकाळी मुलगी दुसऱ्या शहरातून पोचली. ती आयसीयूबाहेरच्या बाकावर माझा हात धरून बसली होती तेव्हा बेकरीवाला आला. कामाचे कपडे, बाह्यांना अजून मैदा. तो माझ्यापुढे उभा राहिला आणि रडायला लागला.

"सर, माझी चूक झाली. तुम्ही शिकवलं होतंत. मी चिकटवली गाडी. मी जागा सोडली असती तर तुम्ही मागे आला असतात."

मुलगी उठली. तिचा स्वभाव आईवर गेलाय. "तुम्ही होतात का मागे?" ती म्हणाली. "बाबा जन्मभर घसा फोडून सांगतायत. एवढं साधं कळत नाही तुम्हाला? माझी आई आत पडलीय तिथे."

"हो ताई," बेकरीवाला म्हणाला.

"एक गाडीभर अंतर. जास्त काही मागत होते का ते?"

"नाही ताई."

बोलायला एक क्षण होता, तो गेला, मग दुसरा आला, तोही गेला. मुलगी पुन्हा बसली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही होतं नव्हतं ते सगळं केलंत." मी तिच्या केसांवरून हात फिरवला. बेकरीवाला तसाच उभा होता. मी त्याला म्हणालो, "होतं असं. जा तू घरी." माफ केल्याच्या सुरात म्हणालो. तो सूर माझ्या गळ्यातून निघाला याची मला आजही किळस येते.

याला आता चार महिने झाले. ती घरी आहे. उजवी बाजू गेलीय. वाचा गेलीय, एक शब्दही येत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही असं डॉक्टरीण म्हणाली. सुधारणेबद्दल विचारलं तर ती कागदात बघते. मुलगी महिनाभर राहून गेली, रोज फोन करते. तिने नातेवाइकांत सगळ्यांना ती हकीकत सांगितलीय, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण त्या मागच्या व्हॅनवाल्याला चार शिव्या घालतो आणि माझी पाठ थोपटतो. स्कूल चालू आहे. सकाळचे दोन तास नर्सबाई हिच्यापाशी बसतात, तेवढ्यात मी दोघांना शिकवतो. चाकं दिसली पाहिजेत, डांबर दिसलं पाहिजे. आवाज पूर्वीसारखाच निघतो, मलाच नवल वाटतं.

बेकरीवाला दर रविवारी येतो. बिस्किटं आणतो, मऊ, तिला चावता येतील अशी. स्वतः चहात बुडवून भरवतो. जाताना माझ्या पायाशी वाकायला जातो आणि मी त्याला मध्येच धरतो. गेल्या रविवारी भरवून झाल्यावर त्याने तिचं तोंड पुसलं. मग म्हणाला, "सर, व्हॅन विकली. स्टिअरिंगला हात लावले की थरथरतात. परवा रस्त्यात मध्येच उतरून बसलो फुटपाथवर. बायको म्हणाली, आता पुरे."

"मग मालाचं काय?" मी विचारलं.

"सायकलवर जेवढा जाईल तेवढा. दोन दुकानं सोडली." तो हसला. "मला चालवायचा हक्कच नाही सर."

एकच वाक्य पुरेसं होतं. माझ्यापुढे जागा असती तर तुझं चिकटणं मला आडवं आलं नसतं. मी चाक वळवून निघून गेलो असतो, तुला कळलंही नसतं की मी कोण होतो. मी चिकटलो होतो, तू यायच्या आधी, आणि तिने सांगितल्यावरही. वाक्य जिभेवर आलं. तो माझ्याकडे बघत होता, शिकाऊ बघतो तसा, बरोबर केलं का विचारणारा. मी म्हणालो, "चहा घेतोस अजून?" तो नको म्हणाला, डबा पिशवीत घातला आणि गेला.

दार लावून मी तिच्या पलंगापाशी खुर्ची ओढली आणि तिला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. टॅक्सी, व्हॅन, टरफलं. मी मुद्दाम भिडलो होतो ते. तू बोललीस ते मला कळलं होतं, मागे जागा होती, आणि मी तुला गप्प बस म्हणालो, ते. त्या माणसाने गाडी विकली आणि मी त्याला चहा विचारला, ते. जन्मात मी तिच्याशी सलग इतका बोललो नव्हतो, तिने कधी बोलू दिलं नव्हतं. बोलता बोलता मी थांबून थांबून तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने मला झापावं एवढंच मला हवं होतं. तिने नाक मुरडलं असतं, तोंड फिरवलं असतं, तरी मी ते झापणंच धरलं असतं.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डावा हात उचलून तिने माझ्या हातावर हळूच थोपटलं, दोनदा, तीनदा, आणि अर्ध्या तोंडाने हसली. सकाळी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातावरही तिने असंच थोपटलं होतं.